माग थांबले, नावे उरली

उल्हास नदी कल्याणवरून वाहत येते. ठाण्याच्या उत्तरेस ती ठाण्याच्या खाडीशी जोडली जाते आणि पुढे घोडबंदरावरून वसईजवळ समुद्राला मिळते. हे पाणी आणि येऊरचे डोंगर यांच्यामधील अरुंद पट्ट्यातून घोडबंदर रोड जातो. आज या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गगनचुंबी इमारती दिसतात. परंतु त्या उभ्या राहण्यापूर्वी कित्येक शतके ठाण्याची ओळख कापडाशी जोडलेली होती. ही ओळख एकदा नव्हे, दोनदा घडली आणि दोनदा पुसली गेली.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचा उल्लेख केला, तो येथून परदेशी जाणाऱ्या चामड्याच्या व सुती कापडाच्या संदर्भात. याच बंदरात १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती रक्तसाक्षी झाले, ही घटना आपल्या वाचकांना परिचित आहेच. पुढे पोर्तुगीज काळात, १५३८ च्या सुमारास, दों जुआंव दि कास्त्रो याने ठाण्याविषयी लिहिताना जरीच्या कापडाचे नऊशे आणि साध्या कापडाचे बाराशे माग येथे एकेकाळी चालत असल्याची नोंद केली. ठाण्याच्या रेशीम विणकरांत पुढे ख्रिस्ती कुटुंबेही होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. सत्ता बदलत गेल्या तरी माग काही काळ चालू राहिले. एकोणिसाव्या शतकात मात्र यंत्रावरच्या स्वस्त कापडापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. त्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती विणकरांचे मोजकेच माग शिल्लक होते, आणि पुढे तेही थांबले.

हातमाग मावळत असतानाच दुसऱ्या पर्वाची तयारी होत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. मुंबईची बाजारपेठ जवळ आली आणि खाडीच्या परिसरातील जमीन कारखानदारांच्या नजरेत भरली. १९०० साली वाडियांनी येथे लोकरीची एक लहानशी गिरणी काढली. काही वर्षांनी ती मुंबईच्या ससून घराण्याकडे गेली. १९२५ साली तिला ‘रेमंड वुलन मिल्स’ हे नाव मिळाले, ते गिरणीचा कारभार पाहणाऱ्या अल्बर्ट रेमंड यांच्यावरून. माजिवड्याला घोडबंदर रोड सुरू होतो, त्याच्या थोडे अलीकडे, पोखरण रोडवर या गिरणीचा विस्तार झाला.

लोकरीच्या गिरणीला पाणी फार लागते. मेंढीच्या अंगावरून उतरलेल्या लोकरीत चरबी, घाम आणि माती असते. साबणाच्या ऊन पाण्यातून ती वारंवार धुऊन काढावी लागते. मग ती पिंजायची. उत्तम कापड हवे असेल तर विंचरून आखूड तंतू वेगळे काढायचे आणि लांब तंतू एका दिशेने समांतर बसवायचे. अशा पेळूपासून कातलेले सूत गुळगुळीत आणि बळकट होते, त्यालाच वर्स्टेड म्हणतात. आखूड तंतूंच्या सुताचे जाड, उबदार कापड आणि घोंगड्या होतात. प्रारंभीच्या काळात ठाण्याची गिरणी मुख्यतः अशा भरड घोंगड्या आणि हलक्या किमतीचे कापड विणीत असे.

१९४४ साली कानपूरच्या सिंघानिया घराण्यातील लाला कैलाशपत यांनी गिरणी ताब्यात घेतली आणि तिचे रूप पालटले. नवी यंत्रे आली, आणि सुटाच्या कापडासाठी ‘रेमंड’चे नाव देशभर झाले. १९५८ साली मुंबईत बॅलार्ड इस्टेट येथे कंपनीचे पहिले दुकान उघडले. गिरणीभोवतीच्या वसाहतीला ‘जेकेग्राम’ हे नाव पडले. ‘जेके’ ही जुग्गीलाल आणि कमलापत या सिंघानियांच्या पूर्वजांची आद्याक्षरे. १९६९ साली तेथे शाळाही सुरू झाली. १९६२ मध्ये वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत आकाराला येऊ लागली, आणि ठाणे हे कामगारांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले.

या भरभराटीतच पुढच्या बदलाचे बीज होते. कंपनीचा विस्तार ठाण्याबाहेर झाला : १९७९ मध्ये जळगाव, १९९१ मध्ये छिंदवाडा, २००६ मध्ये वापी. दरम्यान ठाण्यातील जमिनीची किंमत तिच्यावर होणाऱ्या उत्पादनापेक्षा अधिक भरू लागली. २००९ साली ठाण्याची गिरणी बंद झाली. २०१९ साली याच शंभराहून अधिक एकरांच्या आवारात कंपनीने स्वतःच घरबांधणीचा प्रकल्प हाती घेतला. हे एकट्या रेमंडचे नशीब नव्हे. कोलशेत येथील क्लॅरियंटच्या, म्हणजे पूर्वीच्या सँडोझच्या, कारखान्याची जमीनही २०१४ मध्ये घरबांधणीसाठी विकली गेली.

या जागेच्या इतिहासात एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. वाडिया, ससून, रेमंड, जुग्गीलाल, कमलापत ही मालकांची व व्यवस्थापकांची नावे कागदोपत्री राहिली. काही तर रस्त्यांच्या आणि वस्त्यांच्या नावांत रुजली. परंतु लोकर धुणारा, पिंजणारा, रात्रपाळीत तुटलेला धागा सांधणारा कामगार कोण होता ? पोर्तुगीज काळातील नऊशे मागांची संख्या आपल्याला कळते, पण त्या मागांवर बसलेल्या एकाही विणकराचे नाव कळत नाही. चारशे-पाचशे वर्षांनी गिरणी कामगारांच्या वाट्याला हेच विस्मरण येणार असेल, तर तो दोष काळाचा म्हणता येणार नाही. त्या विणकरांची नावे लिहून ठेवणारे कोणी नव्हते. आपल्यापाशी मात्र लेखणी आहे, आणि सांगणारी माणसेही अजून आहेत.

आपल्या धर्मग्रामांच्या दप्तरांत जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. त्यांच्या जोडीला घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी हव्यात. गिरणीत कोणते खाते होते, पाळी किती वाजता सुरू होई, पगार किती मिळे, संप झाला तेव्हा घरची चूल कशी पेटली, हे सारे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवले पाहिजे. पेटीच्या तळाशी पडलेले ओळखपत्र किंवा पगाराची चिठ्ठी रद्दीत जाण्यापूर्वी जपली पाहिजे. जुन्या शेडच्या जागी नवी घरे उभी राहणे हा काळाचा क्रम आहे, त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. मात्र त्या घरांत वाढणाऱ्या मुलांना आपल्या पायाखालच्या जमिनीवर कोणी घाम गाळला, हे ठाऊक असावे. ते सांगण्याचे काम कोणतीही कंपनी करणार नाही. ते आपल्यालाच करायचे आहे.