सोमवारी छाती भरते का?

लालबाग-परळच्या कुठल्याही नाक्यावर विचारा, आज हवा कशी आहे? समोरचा मोबाइल काढून आकडा सांगेल. दिवाळीनंतरच्या दिवसांत तर आपण हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा एकमेकांना पाठवतो. आता पुढचा प्रश्न विचारा. या हवेने आपल्या वॉर्डात किती जणांची छाती बिघडली? त्याचं उत्तर मोबाइलमध्ये नाही.

हवा मोजणं आणि माणूस मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला यंत्र लागतं. दुसऱ्याला लोकांच्या घरी जाऊन योग्य प्रश्न विचारणारा माणूस लागतो, आणि तोही एकदा नाही, वर्षानुवर्षं. आपल्या गिरणगावात हे दुसरं काम एकेकाळी झालेलं आहे. ते विस्मरणात चाललंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला गिरणी काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत ताडदेवपासून परळ-लालबागपर्यंत चिमण्यांचं रान उभं राहिलं. धुराची तक्रार वाढली तेव्हा १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा कायदा झाला. पण तो भट्ट्यांमधून बाहेर पडणाऱ्या धुराचा. चिमणीचा धूर मलबार हिलवरूनही दिसत होता, म्हणून त्याला कायदा मिळाला. खात्याच्या आत उडणारी रुईची धूळ फक्त आत उभ्या असलेल्या माणसाला दिसायची.

ही धूळ सगळ्यात जास्त ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये. गासड्या फोडायच्या, कापूस झोडायचा, पिंजायचा, आणि त्यातून कचरा आणि बारीक तूस हवेत. तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्यांना खोकला लागायचा, दम लागायचा. कुणी म्हणायचं दमा, कुणी म्हणायचं टीबी, आणि मालकाच्या बाजूचा माणूस म्हणायचा, विडी कमी कर. यातलं काहीच अशक्य नव्हतं. चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत टीबीही होता आणि विडीही होती. मग या खोकल्यातला गिरणीचा वाटा किती, हे कसं ठरवायचं?

याची किल्ली सापडली इंग्लंडात, लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये. १९५० च्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी तिथल्या कामगारांना एक साधा प्रश्न विचारला. छाती कुठल्या दिवशी भरते? उत्तर आलं, सोमवारी. रविवारी सुटी झाली की सोमवारी कामावर गेल्यावर काही तासांत छाती आवळायची आणि मंगळवारी बरं वाटायचं. विडीला किंवा टीबीला सोमवार कळत नाही. कापसाच्या धुळीच्या रोगाला कळतो. या रोगाचं नाव बिसिनोसिस. कापसावर वाढणाऱ्या जिवाणूंचं विष धुळीबरोबर फुप्फुसात जातं, हे त्याचं एक मुख्य कारण मानलं जातं. सुरुवातीला त्रास फक्त सोमवारी, पुढे मंगळवार-बुधवारीही, आणि शेवटी सुटी असो नसो दम कायमचा. शिलिंगनी या टप्प्यांना पायऱ्या दिल्या. म्हणजे नुसत्या तक्रारीचं मोजमाप झालं. त्याच्या जोडीला फुंकायचं यंत्र, स्पायरोमीटर. सोमवारी पाळीच्या आधी एकदा जोरात फुंकायला लावायचं आणि पाळी संपल्यावर पुन्हा. एका सेकंदात बाहेर पडलेली हवा कमी भरली, की ती तूट कागदावर येते.

आपल्याकडे हे काम परळच्या केईएम रुग्णालयातून झालं. छातीविकार विभागाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. बिसिनोसिस आणि धूम्रपान वगैरेंमुळे होणारा दीर्घकालीन श्वासरोग वेगवेगळे कसे ओळखायचे, हाच त्यांचा विषय होता. तो निबंध १९८१ मध्ये अमेरिकेतल्या श्वसनरोगांच्या मोठ्या नियतकालिकात आला. पुढे १९९५ मध्ये डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे वगैरेंनी मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये लिहिलं.

आता कुणी म्हणेल, नाव काहीही द्या, खोकला तोच ना? नाही. ज्या रोगांची खबर डॉक्टरने सरकारला द्यायची असते, त्या यादीत बिसिनोसिस आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातही आहे. केसपेपरवर ‘दमा’ लिहिलं तर ते कामगाराचं नशीब. ‘बिसिनोसिस’ लिहिलं तर ती गिरणीची जबाबदारी. एका शब्दाचा फरक, आणि तो शब्द लिहायला डॉक्टरच्या हातात मोजमाप लागतं.

यात एक मोठी मेख आहे. गिरणीत जाऊन मस्टरवरच्या माणसांना तपासलं की रोग नेहमी कमीच दिसतो. का? ज्याला दम लागतो तो कामावर टिकतच नाही. तो राजीनामा देतो, हिशेब घेतो आणि रत्नागिरीला, साताऱ्याला, आपल्या गावी जातो. मस्टरवर राहतात ते धडधाकट. शास्त्रज्ञांनी याला ‘निरोगी कामगाराचा परिणाम’ असं नावच दिलंय. गिरणगावात तर अर्धं कुटुंब गावाकडेच असायचं. गिरणीतला आजार एसटीत बसून कोकणात गेला आणि तिथे ‘म्हातारपणाचा खोकला’ म्हणून संपला. मुंबईच्या हिशेबात तो आलाच नाही. म्हणून कामतांच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्याचं मोल मोठं. एका दिवसाच्या तपासणीत निघून गेलेला माणूस दिसतच नाही.

याच डॉक्टरांनी गिरणीच्या फाटकाबाहेरचीही माणसं मोजली. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत चार हजारांहून जास्त माणसं होती. लालबाग, चेंबूर आणि खार हे शहरातले तीन भाग आणि तुलनेसाठी एक खेडेगाव. लालबागला गिरण्या, चेंबूरला तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने, खार त्या मानाने स्वच्छ. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणावरून शहरी भागांचे जास्त, मध्यम आणि कमी असे गट केले. दम लागण्याचं प्रमाण जास्त प्रदूषित भागात ७.३ टक्के, मध्यम भागात ६ आणि कमी प्रदूषित भागात ३.२ टक्के निघालं.

आणि खेडेगावात? ५.५ टक्के. म्हणजे शहरातल्या स्वच्छ भागापेक्षा जास्त. मला या सगळ्या पाहणीतला हा आकडा सर्वात प्रामाणिक वाटतो. गावाची हवा शुद्ध, हे आपण सगळे धरूनच चालतो. पण चुलीचा धूर, विडी, खाण्यापिण्यातला आणि औषधोपचारातला फरक हे सगळं छातीत एकत्र होतं. कुठल्या धुराने काय केलं हे सुटं करायचं तर माणसांना वय विचारावं लागतं, धंदा विचारावा लागतो, घरात चूल की स्टोव्ह हे विचारावं लागतं. नुसत्या हवेच्या आकड्यावरून माणसाच्या आजाराचा अंदाज बांधला तर फसायला होतं, आणि उलटही.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गिरण्या गेल्या, चिमण्या गेल्या, आणि ज्यांच्या छातीत वीस-तीस वर्षांची धूळ साठली होती ती माणसंही पांगली. घरांसाठी त्यांच्या याद्या झाल्या, लॉटऱ्या निघाल्या. त्या हक्काच्याच होत्या. पण फुप्फुसांची यादी कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या युनियनच्या पुढाऱ्यांनीही नाही आणि आपणही नाही.

आज त्याच जमिनींवर टॉवर उभे राहतायत. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा फारच बिघडली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी २७ कलमी नियमावली काढली. सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतीला ३५ फुटी पत्रे, हिरवी कापडं, पाण्याचे फवारे. चांगलंच आहे. पण १९१२ चा कायदा आठवून बघा. पत्रे लावले की धूळ बाहेरच्यांना कमी लागते. पत्र्याच्या आत जो पोरगा ग्रॅनाइट कापतोय, काँक्रीट फोडतोय, त्याच्या नाकात सिलिकाची धूळ जातेच आहे. सिलिकोसिस व्हायला बरीच वर्षं लागतात. तोवर साइट संपलेली असेल, ठेकेदार बदललेला असेल आणि तो पोरगा बिहारला किंवा झारखंडला आपल्या गावी गेलेला असेल. आपल्या आजोबांची एसटी कोकणात जायची, याची ट्रेन पाटण्याला जाईल. आजार पुन्हा मुंबईच्या हिशेबाबाहेर.

मग करायचं काय? माझ्या मागण्या तीनच आहेत आणि एकही खर्चिक नाही. पालिकेच्या दवाखान्यांत स्पायरोमीटर असावा आणि खोकल्याच्या पेशंटला तो फुंकायला लावावा. मोठ्या साइटवर कामगाराची छाती कामावर घेताना आणि काम सोडताना तपासावी, आणि तो कागद त्याच्या हातात द्यावा, ठेकेदाराच्या नाही. तिसरी मागणी सगळ्यात सोपी. केसपेपरवर धंदा लिहावा. १७०० साली रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने सांगून ठेवलंय, की पेशंटला बाकी प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारा. तीनशे वर्षांनंतरही दोन मिनिटांच्या ओपीडीत हा प्रश्न राहून जातो.

तो डॉक्टरने नाही विचारला तर आपण सांगायचं. साइटवर असतो, बेकरीत असतो, सिग्नलला उभा असतो, गिरणीत वीस वर्षं कार्डिंगला होतो. घरात जुने गिरणी कामगार असतील तर त्यांना एवढं विचाराच: सोमवारी छाती भरायची का? उत्तर काय आलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. नाव नको, फक्त खातं आणि वर्षं लिहा.