पोतदाराची जोखीम

वर्धा नदी मोर्शी आणि वरूड या तालुक्यांच्या पूर्वेच्या अंगाने वाहते, आणि आज ती ओलांडणाऱ्याला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यापलीकडे काही जाणवत नाही; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच नदी दोन राज्यांची हद्द होती. १८०३ साली अडगावच्या रणात पराभव होऊन गाविलगडही पडल्यावर नागपूरकर भोसल्यांनी देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेकडील मुलखावरचा आपला हक्क सोडला, आणि १८२२ च्या तहाने नदी ही पक्की सीमा ठरली. त्याआधी कित्येक दशके वऱ्हाडात दोअमली नांदत होती, म्हणजे एकाच परगण्यातून निजामाचा अंमलदारही वसूल नेई आणि भोसल्यांचा अंमलदारही नेई. हद्दी कागदावर आखल्या गेल्या तरी नाणी त्या हद्दी पाळीत नाहीत. ज्याच्या घरी कापूस किंवा ज्वारी आहे त्याच्याकडे दोन्ही तीरांवरचे नाणे चालत येते. त्यामुळे या मुलखातल्या बाजारांत नागपुरी रुपया, औरंगाबादेकडचा गोविंदबक्षी, जुन्या मोगल बादशहांच्या नावाचा एलिचपूर टांकसाळीचा रुपया आणि १८३५ नंतर कंपनी सरकारचा यंत्रावर पाडलेला कलदार अशी निरनिराळ्या वजनांची व कसांची नाणी एकाच थैलीत एकत्र येत, आणि त्यातल्या कोणत्या रुपयाला किती बट्टा लावायचा, हे सामान्य रयतेला कधीच उमगत नसे.

ज्याला ते उमगत असे तो पोतदार. मराठी मुलखातल्या गावगाड्यात जातीने बहुधा सोनार असलेला हा माणूस बलुतेदारांच्या पंक्तीत बसे. रयत जमाबंदीचा हप्ता पाटलाच्या चावडीवर भरू लागली की एकेक रुपया त्याच्या हाताखालून जाई, त्याने चांगला म्हटलेला सरकारजमा होई आणि वाईट म्हटलेला शेतकऱ्याच्या पदरात परत पडे. त्याच्यापाशी साधने थोडीच असत: गुंजा, मासे आणि तोळे यांची वजने (आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा), सोन्याची रेघ ओढण्याचा काळा कसोटीचा दगड, छाप उठविण्याचा लहानसा पोलादी ठसा, आणि या सर्वांहून मोलाचा असा त्याचा कान. रुपया अंगठ्याच्या नखावर उडवून दगडावर पडू दिला असता शुद्ध चांदीचा नाद लांबत जातो, पोटात तांबे घालून वरून चांदीचे पत्र चढविलेल्या रुपयाचा नाद मध्येच तुटतो, आणि शिसे मिसळलेला रुपया तर बोलतच नाही. संशय आला तर तो काठावर छिन्नीचा बारीक घाव घालून आतला रंग पाही. समाधान झाले तर नाण्याच्या अंगावर आपली खूण ठोकी. जुन्या रुपयांवर चांदणी, ठिपका, अर्धचंद्र, एखादे अक्षर असे जे सूक्ष्म छाप आज संग्राहकांना विद्रूप वाटतात, ते अशा पारख्यांच्या सह्याच होत. तो रुपया पुढे खोटा निघाला तर ज्याची खूण त्याच्याकडे भरपाई मागता येई.

या छापात या व्यवसायाच्या प्रामाणिकपणाचे खरे मूळ आहे, असे मला वाटते. सराफांच्या सचोटीविषयी लिहिताना धर्मभीरुता, कुलशील, देवाघरचा हिशेब यांचा उल्लेख करण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती भावना अनेकांच्या ठायी खरोखर होतीही; परंतु ज्या समाजाने नाणेपारख ही वृत्ती म्हणून निर्माण केली त्याने केवळ पारख्याच्या सद्बुद्धीवर विसंबण्याची चूक केली नाही. त्याने पारख्याला ज्ञानाबद्दल मोबदला दिला आणि त्याच ज्ञानाबद्दल त्याला जबाबदारही धरले. ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रूपदर्शक नावाचा नाणी तपासणारा अधिकारी येतो, आणि त्याच्यासाठी सांगितलेला दंड दुहेरी आहे: चालू शकणारे चांगले नाणे त्याने नाकारले तरी बारा पण दंड, आणि नाकारण्याजोगे वाईट नाणे त्याने चालू दिले तरी तेवढाच. खोटे नाणे पाडणारा, घेणारा आणि चालविणारा यांना मात्र हजार पणांचा दंड, व ते राजाच्या कोशात घालणाऱ्याला देहदंड. पारख्याच्या दोन्ही अपराधांना एकच माप लावण्यात फार मोठे शहाणपण आहे, कारण वाईट नाणे चालविणारा सराफ सर्वांना दिसतो, पण चांगल्या नाण्याला खोड काढून ते स्वस्तात पाडून घेणारा सराफ कोणालाच दिसत नाही.

वऱ्हाडच्या दोअमलीत हा दुसरा अपराध करण्याला वाव किती होता, याची कल्पना करता येते. मोगल काळापासून चालू सालचा सिक्का पूर्ण भावाने आणि मागल्या सालांचा रुपया झीज गृहीत धरून बट्ट्याने घेण्याची वहिवाट सराफीत रूढ होती. झीज झाली असो वा नसो, नाण्यावरचे साल जुने झाले की त्याचा भाव उतरे, आणि तो किती उतरवायचा हे सराफच ठरवीत. हप्त्याची मुदत उद्या संपत आहे, सरकारी शिपाई दारात बसला आहे, आणि रयतेच्या हाती नदीपलीकडचे नाणे आहे, अशा वेळी जो बट्टा मागितला जाईल तो द्यावाच लागे. इथे पोतदाराची अवस्था बिकट होती. तो गावचा बलुतेदार, म्हणून त्याचे अन्न रयतेच्या खळ्यावरचे. पण तो पारखी सरकारच्या पोत्याचा, म्हणून त्याची जबाबदारी खजिन्याशी. सैल हाताने पारख करावी तर तोटा स्वतःच्या अंगावर, कडक हाताने करावी तर शेजाऱ्याच्या पोटावर पाय. या पेचातून सुटण्याचा सर्वसंमत मार्ग नव्हता, आणि जो पोतदार दोन्ही बाजूंना सारख्याच स्पष्टपणे बोलत असे तोच त्या अवघड जागी आदराने उभा राहू शकत असे.

गावच्या पोतदाराच्या वर पेढ्या होत्या आणि पेढ्यांच्या वर इजारदार, म्हणजे वसुलीचा मक्ता घेणारे, सावकार. निजामशाहीच्या त्या पडत्या काळात वऱ्हाडचा बराचसा मुलूख हैदराबादच्या पूरणमल या बलाढ्य सावकाराकडे इजाऱ्याने होता. तो दूर झाल्यावर दिवाण चंदुलाल यांनी मुंबईच्या पेस्तनजी आणि मंडळी या पारशी पेढीला, तिने राज्याला दिलेल्या कर्जाच्या फेडीपोटी, मोठमोठे महाल लावून दिले. याच पेढीने १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेण्याचा व्यापार सुरू केला होता, आणि औरंगाबादेच्या टांकसाळीतून तिचा पेस्तनशाही रुपयाही निघाला. चंदुलाल पायउतार झाल्यानंतर १८४५ मध्ये त्या पेढीला हे महाल सोडून द्यावे लागले. इथे मला या माणसांच्या नीतीचा निवाडा करावयाचा नाही. ती धाडसी आणि कर्तबगार होती यात शंका नाही. पण कर्ज देणारा, वसूल करणारा आणि नाणे पाडणारा हे जेव्हा एकच होतात तेव्हा पारख कोणी कोणाची करावयाची, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्या व्यवस्थेत त्याला उत्तर नव्हते. त्याच काळात अमरावतीच्या बाजारातून एकेका व्यापाऱ्याचा हजारो बैलांवर लादलेला कापूस मिर्झापूरकडे जात होता. एवढ्या उलाढालीचा पैसा हुंडीवर आणि माणसाच्या शब्दावर चालत होता, हेही विसरता कामा नये.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि हळूहळू कलदार हाच एक रुपया राहिला. वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आणि त्यात अकरा-बारांश चांदी. एकाच मापाचे, कंगोरेदार काठाचे आणि कातरले तर लगेच दिसणारे ते नाणे रयतेला मोठे वरदान ठरले. हैदराबादच्या मुलखात मात्र हाली सिक्का विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला, आणि तिथे सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब पोरांनाही तोंडपाठ असे. वऱ्हाडात बट्ट्याचा जाच संपला, त्याबरोबर पोतदाराचे कामही संपले. ते नाव पुढे केवळ आडनाव म्हणून उरले. त्यानंतर १८९३ मध्ये सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि एक विलक्षण परिस्थिती उद्भवली. रुपयातील चांदीची किंमत रुपयाहून कमी झाल्यामुळे पूर्ण वजनाची, पूर्ण कसाची चांदी घालून घरी पाडलेला रुपयाही नफ्याचा ठरू लागला. तो वाजवून पाहा, कसोटीवर घासा, तोलून पाहा, सर्व परीक्षांत खरा; तरीही तो खोटाच. असा रुपया ओळखून पुढे चालविणाऱ्या सराफाने नक्की कोणाला फसविले? माझ्या मते घेणाऱ्याला चांदीत फसविले नसले तरी ज्या विश्वासावर तो रुपया चालतो त्या विश्वासाला फसविले, आणि हा अपराध हलका नव्हे.

कलदारानेही सराफाची कसोटी घेतली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि पुढे जुने राणीछाप व एडवर्डछाप रुपये चलनातून काढून घेण्यात आले, तेव्हापासून जुना रुपया चलन म्हणून संपून वस्तू म्हणून उरला. खेड्यातल्या उतरंडीत, मेळघाटातल्या कोरकू बायांच्या गळ्यातल्या माळेत तो टिकून राहिला, आणि नडीच्या वेळी सराफाकडे येऊ लागला. म्हातारी ओच्यातून गाठोडे काढून गादीवर ठेवते आणि म्हणते, "शेटजी, पाहा बरं, किती येतीन याचे?" तिच्या मते ती चांदी विकते आहे. सराफ चांदीचा भाव देतो, तोही चोख काट्याने. पण त्या ढिगात १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया असेल, तर तो इतका दुर्मिळ आहे की बाकीचा सारा ढीग त्याची बरोबरी करणार नाही. सराफाला ते ठाऊक आहे, म्हातारीला नाही. इथे वजनात खोट नाही, भावात खोट नाही, शब्दातही खोट नाही. केवळ मौनात खोट आहे. अनेक सज्जन व्यापारी मानतात की आपण वर्षानुवर्षे मेहनतीने मिळविलेले ज्ञान फुकट वाटण्याचे बंधन आपल्यावर नाही. मला हा युक्तिवाद मान्य नाही. ज्ञानाचे मोल घ्यावे, वाजवी नफा घ्यावा, तो उघड सांगून घ्यावा. पण ढिगातला तो एक रुपया वेगळा काढून "माय, हा मोडीत नको देऊ" एवढे तरी म्हणणे हे पारख्याचे कर्तव्य आहे. चांगले नाणे नाकारणाऱ्या रूपदर्शकाला जो दंड होता तो नेमका याच मौनाचा होता.

त्याच रुपयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आठ भिंगाखाली कोरून नऊ करणारे कारागीर आहेत. शिवछत्रपतींच्या सुवर्ण होनाचे अस्सल नग हाताच्या बोटांवर मोजावे इतके थोडे असताना त्याच्या नकला मात्र सर्वत्र मिळतात, आणि तांब्याची शिवराई जी मुबलक सापडते तिच्यावरही आज हवे ते अक्षर उमटविले जाते. खऱ्या शिवराईवर एका अंगाला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगाला दोन ओळींत ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ती कधी बाहेर सरकलेली, कधी अर्धवट, कारण ठसा चकतीहून मोठा असे. एखाद्या शिवराईवर सगळी अक्षरे नेटकी मध्यभागी बसलेली दिसली तर शंका घ्यावी. महाराजांच्या नावावरच्या श्रद्धेचे पैसे करणे यासारखे नीच काम या धंद्यात दुसरे नाही.

याहूनही मोठी हानी होते ती नांगराच्या फाळाला लागलेल्या मडक्याची. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे सातवाहन राजांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा निधी सापडला, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासून कुंभ, कर्ण, शक सातकर्णी अशा पूर्वी अज्ञात असलेल्या राजांची नावे इतिहासात दाखल केली. ही नाणी पोटीन या हलक्या मिश्रधातूची होती. ती चांदीची असती तर किती मुशीत गेली असती, हा विचार अस्वस्थ करतो. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, त्यातली नऊ हजारांवर नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठोकलेली होती. एका राजाने दुसऱ्याचा पाडाव केल्याचा असा साक्षात दाखला जगात क्वचितच मिळतो, आणि तो मिळाला याचे कारण ती नाणी वितळण्यापूर्वी अभ्यासकाच्या दृष्टीस पडली. निधी फुटला की एकेक नाणे उरते, पण ती कोणत्या नाण्यांसोबत, कोणत्या शिवारात पुरली होती ही माहिती कायमची जाते.

म्हणून मोर्शी-वरूडच्या संत्र्याच्या बागांत खड्डे खणणाऱ्या, विहिरी उतरणाऱ्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्याकडून नाणी घेणाऱ्या सराफांना एक व्यावहारिक गोष्ट सांगावयाची आहे. १८७८ चा निधी कायदा अजूनही जिवंत आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे सापडलेले धन कलेक्टरास कळविणे त्यान्वये बंधनकारक आहे. मूळ मालक कोणी पुढे न आल्यास सापडविणाऱ्याला तीन चतुर्थांश व जमीनमालकाला एक चतुर्थांश मिळते, आणि सरकारने तो निधी ठेवून घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक मोबदला द्यावा लागतो. लपविले तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. तेव्हा मडके लागले तर नाणी चिंचेने घासू नका, वाटून घेऊ नका, ती जशी आहेत तशी तहसील कचेरीत न्या आणि पोच घ्या. आणि सराफ बांधवहो, जुने नाणे विकताना ते काय आहे व खोटे निघाल्यास परत घेऊ, एवढे दोन शब्द आपल्या सहीने चिठ्ठीवर लिहून द्या. ते लिहून देण्याची ज्याची तयारी नाही त्याच्याकडून ग्राहकाने नाणे घेऊ नये.