सोपेपणा येतो कुठून? जावा फ्रेमवर्कचा छोटा इतिहास

आज आपण ‘फ्रेमवर्क’ या शब्दाकडे वळू. लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांत फरक काय? लायब्ररी म्हणजे भाड्यानं आणलेली भांडी. स्वयंपाक आपला, वेळ आपली. फ्रेमवर्क म्हणजे मंगल कार्यालय. तिथे पंगत केव्हा बसायची हे कार्यालय ठरवतं, आपण हाक आली की वाढायचं. म्हणजे कार्यक्रमाचा ताबा दुसऱ्याकडे जातो.

हा ताबा द्यावा असं का वाटलं? बँकेचं उदाहरण घेऊ. एका खात्यातून रक्कम वजा झाली, की दुसऱ्यात ती जमा झालीच पाहिजे. मध्येच यंत्र बंद पडलं तर दोन्ही नोंदी रद्द. ही काळजी प्रत्येक प्रोग्रामरनं दर वेळी नव्यानं घेतली तर चुका होणारच. म्हणून १९९८ साली सन मायक्रोसिस्टिम्सनं ‘एंटरप्राइज जावाबीन्स’ हे प्रमाण पुढे आणलं. प्रोग्रामरनं धंद्याचे नियम लिहावेत, बाकीचं कंटेनर बघेल, अशी ती कल्पना होती.

कल्पना चांगलीच होती. पण एका साध्या घटकासाठी क्लास, त्याच्या जोडीला वेगळे इंटरफेस, वर एक्सएमएलमधलं वर्णन, असा थाट करावा लागे. व्याजाचा नियम चार ओळींचा आणि सोपस्कार पानभर! तो तपासायचा तरी बहुधा आधी सर्व्हर चालू करावा लागे.

२००२ मध्ये रॉड जॉन्सन यांनी यावर पुस्तक लिहिलं. गंमत बघा, त्यांची डॉक्टरेट संगीतशास्त्रातली. पुस्तकासोबतच्या कोडमधून पुढच्या वर्षी ‘स्प्रिंग’ जन्माला आलं. आधीच्या हिवाळ्यानंतरचा वसंत, म्हणून हे नाव. त्याचं मुख्य तत्त्व असं, की घटकानं आपल्याला लागणाऱ्या वस्तू शोधत फिरू नये, त्या बाहेरून त्याच्या हाती द्याव्यात. २००४ च्या जानेवारीत मार्टिन फाउलर यांच्या लेखानं याला ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रूढ केलं. २००६ मध्ये जावाबीन्सच्या तिसऱ्या आवृत्तीनंही साध्या क्लासचाच रस्ता धरला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण स्प्रिंगचंही एक्सएमएल वाढत गेलं, आणि २०१४ मध्ये स्प्रिंग सोपं करायला ‘स्प्रिंग बूट’ आलं. असं का होतं? खात्यांमधला व्यवहार मुळातच अवघड आहे. फ्रेमवर्क ती अडचण आपल्या नजरेआड ठेवतं, ती नाहीशी करत नाही.

एक दाखला देतो. स्प्रिंगमध्ये मेथडवर ‘ट्रान्झॅक्शनल’ अशी खूण केली, की ती सुरक्षित झाली असं वाटतं. नेहमीच्या मांडणीत हे काम प्रॉक्सी, म्हणजे दारावरचा पहारेकरी करतो. बाहेरून आलेली हाक त्याच्याकडून आत जाते. पण त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडनं घरातल्या घरात हाक मारली, तर पहारेकऱ्याला पत्ताच लागत नाही. बाहेरून आधीच व्यवहार सुरू झालेला नसेल, तर तो सुरूच होत नाही. खूण जागच्या जागी दिसते, कोड वाचणाऱ्याला शंका येत नाही, आणि मध्ये बिघाड झाला तर एका खात्यातून गेलेली रक्कम दुसऱ्यात पोचलेली नसते.

तेव्हा फ्रेमवर्क जरूर वापरावं. त्याशिवाय एवढी कामं उभी राहिली नसती. मात्र पहारेकरी कुठल्या दारावर उभा आहे, हे कचेरीत निदान एकाला तरी ठाऊक असावं. आता प्रश्न घेऊ.