मनगटावरचा आधार आणि त्याच्या मर्यादा

छत्रपती संभाजीनगर : मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आई-वडील सिडको, गारखेडा परिसरातील घरात, हे चित्र शहराला नवे नाही. वृद्धांना आपले घर सोडायचे नसते, मुलांना काळजी सोडवत नाही. या दोन्हींची सांगड घालण्यासाठी अनेक कुटुंबे आता मनगटी घड्याळाकडे वळत आहेत. मात्र हे उपकरण काय करते, त्याहीपेक्षा काय करत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पडण्याचा धोका

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे दगावतात. त्यात साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येण्याचा अनुभव या शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे. पाणी येईल तेव्हा पिंप, बादल्या भरताना ओली होणारी फरशी वृद्धांसाठी धोक्याचीच.

घड्याळ पडणे कसे ओळखते?

घड्याळातील संवेदक हाताची गती आणि दिशा सतत मोजतात. वेगाने खाली येणे, जोराचा आघात आणि त्यानंतरची निश्चलता यांवरून पडल्याचे अनुमान काढले जाते. अ‍ॅपल कंपनीने ही सोय २०१८मध्ये आणली. सुमारे मिनिटभर हालचाल न झाल्यास घड्याळ स्वतःहून आपत्कालीन क्रमांकाशी संपर्क साधते आणि नातेवाइकांना संदेश पाठवते. त्यासाठी मोबाइल जवळ असावा लागतो किंवा घड्याळाला स्वतंत्र जोडणी असावी लागते. खुर्चीवरून हळूच घसरणे मात्र यंत्राच्या लक्षात येईलच असे नाही.

नाडी, प्राणवायू, साखर

हिरव्या प्रकाशाच्या साह्याने नाडीचे ठोके मोजले जातात. काही घड्याळे हृदयाच्या अनियमित ठोक्यांची सूचनाही देतात. ही सूचना म्हणजे निदान नव्हे, ती डॉक्टरांकडे जाण्याचे निमित्त आहे. त्वचा न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला आहे.

कपाटातले घड्याळ

खरी अडचण तंत्राची नाही, सवयीची आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदीपुढील व्यक्तींचा अभ्यास झाला होता. मदतीची घंटा उपलब्ध असूनही पडल्यावर दीर्घकाळ जमिनीवर राहिलेल्या बहुतेकांनी ती वापरलीच नाही, असे २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. आंघोळीला जाताना काढून ठेवलेले किंवा चार्जिंगला लावून विसरलेले घड्याळ नेमक्या वेळी निरुपयोगी ठरते. त्यामुळे पाण्यात चालणारे, मोठ्या अक्षरांचे, हाताला न रुतणारे घड्याळ घ्यावे आणि चार्जिंगची वेळ रोज ठरलेली असावी.

आधार की पाळत?

आई किती वाजता उठली, वडील कुठवर फिरून आले, हे मुलांना दूरवरून दिसू लागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा कंपन्यांसाठी संमतीचे तत्त्व सांगतो. घरातल्या घरात ते पाळण्याची जबाबदारी मात्र कुटुंबाचीच आहे. कोणती माहिती कोणाला दिसावी, हे घड्याळ घालणाऱ्यानेच ठरवावे. न विचारता बांधलेले घड्याळ स्वावलंबन वाढवण्याऐवजी रुसवाच वाढवते.

हे लक्षात ठेवा

* संपर्क यादीत परगावच्या मुलाआधी घराची किल्ली असलेल्या शेजाऱ्याचा क्रमांक असावा.
* तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.
* ज्येष्ठांच्या अन्य अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.
* वारंवार तोल जात असल्यास तपासणी करून घ्यावी. घाटी रुग्णालयात वार्धक्यशास्त्र विभाग आहे.
* न्हाणीघरातील आधाराची दांडी आणि रात्रीचा दिवा यांची जागा कोणतेही घड्याळ घेऊ शकत नाही. घड्याळ पडल्याचे कळवते, पडणे टाळत नाही.