रंगांची बंडखोरी : फॉव्हिझम

पॅरिसमध्ये १९०५ च्या शरद ऋतूत भरलेल्या ‘सालों दोतॉन’ या प्रदर्शनाच्या सातव्या दालनात आंरी मातिस, आंद्रे देरँ, मोरिस द व्लामँक आदींची भडक रंगांतील चित्रे लागली होती. त्यांच्यामध्येच प्रबोधनकालीन धाटणीचे एक शिल्प ठेवलेले पाहून समीक्षक लुई व्होसेल यांनी, दोनातेल्लो रानटी श्वापदांत सापडला, अशा आशयाचा शेरा मारला. श्वापदांसाठी त्यांनी योजलेला ‘फॉव्ह’ हा शब्दच पुढे शैलीचे नाव झाला. मराठीत तिला ‘रंगभारवाद’ म्हणतात.

वास्तविक या मंडळींत रानटी असे फारसे काही नव्हते. मातिस हे ग्युस्ताव्ह मोरो यांचे शिष्य. लूव्र संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यात त्यांनी कित्येक वर्षे घालविली होती. व्लामँक मात्र स्वयंशिक्षित होते.

दृक्‌प्रत्ययवाद्यांनी रंग उजळ केले, तरी ते निसर्गातील प्रकाशाशी बांधलेलेच राहिले. १९०५ च्या उन्हाळ्यात भूमध्य सागराकाठच्या कोल्यूर गावी मातिस व देरँ यांनी ती गाठ सोडली. आता झाडाचे खोड तांबडे असू शकत होते.

हे केवळ स्वैर रंगलेपन नव्हते. त्याच वर्षीच्या ‘हिरवा पट्टा’ या चित्रात मातिस यांनी पत्नी आमेली यांच्या कपाळापासून नाकावरून खाली हिरव्या रंगाचा पट्टा ओढला आहे. त्याच्या एका बाजूस चेहरा पिवळसर, तर दुसऱ्या बाजूस गुलाबी आहे. करड्या-काळ्या छायेचा आधार न घेता उजेड, सावली आणि चेहऱ्याची घडण हा पट्टाच सांभाळतो. तो झाकून पाहिला, तर चेहऱ्याची बांधणीच ढासळते.

प्रदर्शनात सर्वाधिक टवाळी झालेले ‘टोपी घातलेली स्त्री’ हे आमेली यांचेच दुसरे व्यक्तिचित्र. अमेरिकन संग्राहक लिओ व गर्ट्रूड स्टाइन या भावंडांनी ते ५०० फ्रँकला घेतले. तीन मुलांच्या संसारात ओढाताण सोसणाऱ्या पस्तिशीतल्या मातिस यांना ती रक्कम मोलाची होती आणि त्याहून मोलाचा होता तो विश्वास.

ही चळवळ जेमतेम तीन-चार वर्षे टिकली. १९०७ मधील सेझानच्या स्मृतिप्रदर्शनानंतर जॉर्ज ब्राक घनवादाकडे वळले, देरँ व व्लामँक यांचे रंग मंदावले. मातिस यांनी मात्र रंगाची साथ सोडली नाही. वृद्धापकाळी, आजारपणामुळे चाकांच्या खुर्चीला खिळल्यावर, ते रंगविलेले कागद कात्रीने कापून चित्रे रचीत.