डोळ्याच्या खोबणीतली गाठ: निदानात फोनची गॅलरी कशी कामी येते?

डोळा ज्या हाडाच्या खोबणीत बसतो, तिच्यात जागा साधारण ३० मिलीलिटरच असते. बाकी सगळीकडून हाड, मोकळी बाजू फक्त पुढची. त्यामुळे आत गाठ वाढली की डोळा पुढे ढकलला जातो. अशा गाठी दुर्मीळ आहेत. मोठ्या माणसांत डोळे पुढे येण्याचं सगळ्यात कॉमन कारण थायरॉइडशी जोडलेला आजार असतो, त्यामुळे लगेच घाबरू नका.

डॉक्टर आधी विचारतात, "कधीपासून?" मुलांमधला रॅब्डोमायोसार्कोमा हा कॅन्सर काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोळा पुढे आणतो. कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा ही कॅन्सर नसलेली रक्तवाहिन्यांची गाठ मात्र वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. रोज आरशात बघणाऱ्याला ते कळतही नाही. अश्रुग्रंथीतला प्लिओमॉर्फिक अडेनोमाही असाच संथ. त्याचा संशय असेल तर तपासणीसाठी तुकडा न घेता आवरणासकट पूर्ण गाठच काढतात, कारण तुकडा घेताना पेशी सांडल्या तर ती परत येऊ शकते.

म्हणून डॉक्टर जुने फोटो मागतात. पूर्वी घरचा अल्बम आणायला सांगायचे, आता गॅलरी उघडली की झालं. पण माझ्या मते सेल्फी यासाठी सगळ्यात वाईट. ब्युटी फिल्टर डोळे मोठे करतो. कॅमेरा जवळ असल्यामुळे चेहऱ्याचं प्रमाण बिघडतं. काही फोन तर फोटो आरशासारखा उलटा सेव्ह करतात, मग उजवा डोळा डावा वाटतो! मागच्या कॅमेऱ्याने समोरून काढलेला किंवा पासपोर्टसाठीचा फोटो बरा. फाइल ओरिजिनलच दाखवा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवली तर फोटो काढल्याची तारीख त्यातून निघून जाते आणि क्वालिटीही घसरते.

फोटोवरून निदान मात्र होत नाही. दवाखान्यात हर्टेल नावाच्या उपकरणाने डोळा किती पुढे आलाय ते मोजतात. दोन डोळ्यांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढची तपासणी लागते. हाड बघायला सीटी स्कॅन, मऊ भाग आणि डोळ्याची नस बघायला एमआरआय. त्यानंतरही बऱ्याचदा शेवटचं उत्तर बायोप्सीच देते.

लहान मुलाचा डोळा भराभर पुढे येतोय, नजर कमी झालीय किंवा एकाचे दोन दिसतायत, तर फोटो शोधत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, गॅलरी तिथे बसून चाळता येते.