यंत्राआधी कागद : शीतकरणाचं डिझाइन चाचणीविना तपासताना

समजा, शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या किंवा दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या एमआयडीसीसाठी तुम्ही अमोनियाचा शीतकरण प्लांट डिझाइन केलाय. चाचणीला प्लांटच नाही. मग प्रबंधात काय लिहाल?

अडचण जुनी आहे. 1824 मध्ये सादी कार्नोने उष्णतायंत्रांची कमाल मर्यादा मांडली. म्युनिकच्या कार्ल लिंडेने 1870 च्या सुमारास तीच शीतकरणाला लावली. त्याचं यंत्र नंतर आलं.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. बाष्पक उणे 10 अंश, म्हणजे 263 केल्विन. संघनक 40 अंश, म्हणजे फरक 50. भागाकार 5.26. सिम्युलेशन सीओपी 6 दाखवत असेल, तर ते चूकच. प्लांट उभारून बघायची गरज नाही.

पण 4 आला म्हणून बरोबर ठरत नाही. कागद डिझाइनला नापास करू शकतो, पास नाही. लिंडेचंही पहिलं यंत्र मिथाइल इथरवर होतं. अमोनियावर तो नंतर आला. म्हणून दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघा : कॉम्प्रेसरचे चाचणी-तक्ते, चालू प्लांटच्या लॉगबुकातल्या नोंदी. तेही नसतील, तर ‘व्हॅलिडेशन’ लिहू नका. ‘गणित तपासलं’ एवढंच लिहा. अमोनिया विषारी आहे, आणि तुमच्या त्या एका शब्दावर विसंबून उद्या कुणीतरी प्लांटशेजारी पाळी करणार आहे.